नगरजीवनापासून निसर्गाकडे : विश्रांतीच्या पर्यटनाचे विकासशास्त्र
जयपूरच्या सी-स्कीमपासून सरिस्कापर्यंतचा एक अभ्यास

शहरी जीवनातील गर्दी, गोंगाट, प्रदूषण आणि कामाचा ताण यांपासून काही दिवस दूर जाऊन निसर्गाच्या सान्निध्यात राहणे, वन्यजीवांचे दर्शन घेणे अथवा योग, ध्यान व आयुर्वेदीय उपचारांच्या साहाय्याने स्वास्थ्य मिळविणे ही प्रवृत्ती गेल्या दोन-तीन दशकांत भारतातील मध्यमवर्गात झपाट्याने वाढली आहे. वरवर पाहता हा व्यक्तिगत आवडीचा विषय वाटतो. परंतु या विश्रांतीसाठी लागणारी जमीन, पाणी, वन आणि शांतता ही सार्वजनिक संपत्ती होय. तिचा उपभोग कोणी घ्यावा, किती घ्यावा आणि त्याची किंमत कोणी चुकवावी, हे प्रश्न विकासाच्या अर्थशास्त्राचे व प्रशासनाचे प्रश्न आहेत. पर्यावरण, अर्थव्यवस्था, राज्यव्यवस्था आणि भूगोल अशा अनेक घटकांना स्पर्श करणारा हा विषय स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात जयपूर शहर व त्याच्या परिसराच्या उदाहरणावरून त्याची मांडणी केली आहे.

संकल्पना

१९८० च्या दशकात मेक्सिकोतील वास्तुतज्ज्ञ हेक्टर सेबालोस-लास्कुरेन यांनी ‘इकोटुरिझम’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत तिला निसर्ग पर्यटन अथवा परिपर्यटन असे म्हटले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष आंतरराष्ट्रीय परिपर्यटन वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षी क्वेबेक येथे यासंबंधीचा जाहीरनामा संमत झाला. निसर्गाचे संवर्धन, स्थानिक जनतेचे कल्याण आणि पर्यटकाचे प्रबोधन हे परिपर्यटनाचे तीन आधार मानले जातात. यांपैकी एकही आधार निखळला तर उरते ते केवळ निसर्गाच्या ठिकाणी केलेले पर्यटन. निसर्गस्थळी जाणारा प्रत्येक प्रवास परिपर्यटन नसतो, हा भेद विद्यार्थ्यांनी प्रथम लक्षात घ्यावा.

निसर्गाच्या सान्निध्याचा मनावर व शरीरावर परिणाम होतो, या समजुतीला शास्त्रीय अभ्यासांचेही पाठबळ लाभले आहे. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत, रुग्णालयातून लवकर घरी जाता आले व तीव्र वेदनाशामकांची गरज कमी भासली. जपानच्या वन विभागाने १९८२ मध्ये ‘वनस्नान’ या अर्थाची संकल्पना पुढे आणली. अर्थात, माणसाला झाडांची गरज आहे ती वर्षातून तीन दिवस नव्हे, तर दररोज. नगररचनेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

सी-स्कीम : एका जुन्या पलायनाची कथा

सवाई जयसिंग द्वितीय यांनी १७२७ मध्ये वसविलेले जयपूर हे आखीव नगररचनेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. विद्याधर भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेल्या या तटबंदीच्या शहराला २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. एकोणिसाव्या शतकात तटाच्या दक्षिणेस महाराजा रामसिंग द्वितीय यांच्या कारकिर्दीत रामनिवास बाग उभी राहिली. तटाच्या आतील नागरिकांना मोकळी हवा मिळण्याचे ते पहिले मोठे सार्वजनिक ठिकाण होय.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात सर मिर्झा इस्माईल जयपूर संस्थानाचे पंतप्रधान होते. लोकसंख्यावाढीमुळे तटबंदीतील वस्ती दाटली होती. तेव्हा तटाबाहेर, विशेषतः दक्षिणेकडे, इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विस्तार-योजना आखण्यात आल्या. त्यांतीलच एक म्हणजे सी-स्कीम. रुंद रस्ते, मोठे भूखंड, भोवती बाग असलेले बंगले आणि सवाई जयसिंगांचा पुतळा असलेले स्टॅच्यू सर्कल अशी या वस्तीची ओळख आहे. उत्तरेकडील मिर्झा इस्माईल मार्ग आजही त्या काळाची आठवण देतो.

याचा अर्थ असा, की सी-स्कीम ही मुळात गर्दीपासून दूर जाण्यासाठीच वसविलेली जागा होती. कालांतराने शहर तिच्या चहूबाजूंनी वाढले. जनगणनेनुसार जयपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २३ लाख होती. २०११ मध्ये ती ३० लाखांवर गेली. शहराच्या कडेला असलेली सी-स्कीम शहराच्या मध्यभागी आली. बंगल्यांच्या जागी कार्यालये, बँका, रुग्णालये, उपाहारगृहे व बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. आज याच भागातील नोकरदार व व्यावसायिक आठवडाअखेरीस अरवलीच्या डोंगरांकडे धाव घेतात.

तटबंदीतून सी-स्कीम, सी-स्कीममधून वनाची सीमा, असा हा पलायनाचा मार्ग पुढे पुढे सरकत आला आहे. ज्या ठिकाणी शांततेसाठी माणूस जातो, त्याच्या मागोमाग रस्ते, वाहने, विजेचे दिवे व बांधकामे येतात आणि काही वर्षांनी तेथूनही दूर जाण्याची गरज भासू लागते. विश्रांतीच्या पर्यटनातील मूलभूत विसंगती ती हीच. ती टाळावयाची असेल तर दोन गोष्टी आवश्यक ठरतात. एक म्हणजे शहरातच निसर्ग राखणे आणि दुसरी म्हणजे वनांच्या कडेला होणाऱ्या विस्ताराला मर्यादा घालणे.

शहरातील वन : झालाना

पहिल्या उपायाचे उदाहरण सी-स्कीमपासून दहा किलोमीटरच्या आतच आढळते. शहराच्या आग्नेयेस मालवीय नगरला लागून झालाना हे सुमारे वीस चौरस किलोमीटरचे वनक्षेत्र आहे. एके काळी ते जयपूर राजघराण्याचे शिकारक्षेत्र होते. तेथील जुने शिकारगृह आजही उभे आहे. अरवलीतील धोक वृक्षांची ही शुष्क पानझडी वनराई असून तेथे बिबटे, तरस, नीलगायी व मोर आढळतात. विलायती बाभळीचा प्रसार ही या वनापुढील एक समस्या आहे, कारण ही आगंतुक वनस्पती स्थानिक गवत व वृक्ष यांची जागा व्यापते.

राजस्थान शासनाने २०१७ मध्ये बिबट्यांच्या संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला आणि झालाना येथे नियंत्रित बिबट्या-दर्शन सुरू झाले. जवळच्याच आमागढ वनक्षेत्रातही २०२२ मध्ये अशी सोय करण्यात आली. लाखोंच्या वस्तीला खेटून बिबट्याचा अधिवास टिकून राहणे ही विलक्षण बाब होय. मुंबईतील सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी तिची तुलना करता येते.

अशा नगर-वनांचा लाभ केवळ पर्यटनापुरता मर्यादित नसतो. भूजलाचे पुनर्भरण, तापमानाचे नियमन, धुळीला अटकाव आणि जैवविविधतेचे रक्षण या परिसंस्थेच्या सेवा ती अहोरात्र पुरवितात. मात्र वनाच्या चारही बाजू बांधकामाने बंद झाल्यास वन्यप्राण्यांचे इतर वनांशी असलेले मार्ग तुटतात, त्यांचा जनुकीय प्रवाह खंडित होतो आणि वस्तीत शिरण्याच्या घटना वाढतात. म्हणून झालाना, आमागढ व नाहरगढ यांसारख्या वनखंडांतील दुवे जपणे हा जयपूरच्या नगरनियोजनाचा भाग ठरतो.

सरिस्काचा धडा

जयपूरपासून सुमारे ११० किलोमीटर अंतरावर अलवर जिल्ह्यात सरिस्का व्याघ्र प्रकल्प आहे. १९७८ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. दिल्ली व जयपूर या दोन्ही महानगरांपासून एका दिवसात गाठता येत असल्याने पर्यटकांचा तेथे नेहमीच ओघ राहिला. पांडुपोल येथील हनुमान मंदिर वनाच्या आत असल्याने मंगळवारी व शनिवारी भाविकांचीही मोठी वर्दळ असते.

२००५ च्या प्रारंभी असे उघडकीस आले, की सरिस्कात एकही वाघ शिल्लक नाही. चोरट्या शिकारीने तेथील वाघ संपविले होते. देशभर खळबळ माजली. केंद्र शासनाने श्रीमती सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले. त्याच्या अहवालात शिकारीविरुद्धच्या यंत्रणेतील दोषांबरोबरच स्थानिक जनता व वन विभाग यांच्यातील दुराव्यावर बोट ठेवण्यात आले. व्याघ्रक्षेत्राभोवतीच्या पर्यटनाचा लाभ आसपासच्या गावांना मिळत नाही आणि तो मिळाल्याशिवाय संवर्धनाला त्यांचा पाठिंबा लाभणार नाही, हे या अहवालातील प्रतिपादन आजही मार्गदर्शक आहे.

यानंतर २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण व वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो यांची स्थापना झाली. २८ जून २००८ रोजी रणथंबोर येथून हेलिकॉप्टरने एक नर वाघ सरिस्कात आणण्यात आला आणि पुनर्वसनाला प्रारंभ झाला. ही वाट सोपी नव्हती. हा पहिला वाघ २०१० मध्ये विषबाधेने मरण पावला. बछडे प्रथम दिसले ते २०१२ मध्ये. पुढे मात्र संख्या वाढत गेली आणि आता तेथील वाघांनी चाळीसचा आकडा ओलांडला आहे.

प्रजननास झालेल्या विलंबाची कारणे शोधताना वैज्ञानिकांनी वाघांच्या विष्ठेतील ताणनिदर्शक संप्रेरकांचे मोजमाप केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मानवी हस्तक्षेप व वाघांवरील ताण यांचा संबंध दिसून आला. रस्त्यांवरील वाहतूक, वनातील वस्ती व माणसांची वर्दळ यांचा त्यात समावेश होता. येथे या संपूर्ण विषयाचे मर्म सापडते. मनुष्य आपला ताण हलका करण्यासाठी वनात जातो. परंतु मर्यादा नसेल तर तोच ताण तो वन्यप्राण्यांच्या वाट्याला ठेवून परततो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या शिफारशी स्वीकारून पांडुपोलकडे जाणाऱ्या खासगी वाहनांऐवजी विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांची व्यवस्था करण्याचे निर्देश दिले, त्यामागील भूमिका हीच आहे.

कायदेशीर चौकट

वन्यजीव पर्यटनाचे नियमन करणाऱ्या प्रमुख तरतुदी व निर्णय पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ : कलम ३८-व्ही अन्वये प्रत्येक व्याघ्र प्रकल्पात गाभा क्षेत्र व त्याभोवती बफर क्षेत्र निश्चित करून व्याघ्र संवर्धन आराखडा तयार करणे आवश्यक आहे. कलम ३८-एक्स अन्वये राज्यांनी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठाने स्थापन करावयाची असून स्थानिक लोकसहभागातून परिपर्यटनास साह्य करणे हा त्यांच्या उद्देशांपैकी एक आहे.

२) अजय दुबे प्रकरण, २०१२ : सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यानंतर ती उठविण्यात आली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या कमाल २० टक्के भागातच नियंत्रित पर्यटनास वाव आहे आणि तेथे पर्यटनासाठी नव्या पायाभूत सुविधा उभारता येत नाहीत.

३) पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये संरक्षित क्षेत्रांभोवती असे पट्टे अधिसूचित होतात. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान एक किलोमीटरचा पट्टा बंधनकारक केला. जयपूरजवळील जमवा रामगढ अभयारण्यातील खाणकामाचा प्रश्न या निकालाच्या विषयांपैकी एक होता. पुढे २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने या सरसकट अटीत बदल केला; कारण ठिकाणाची परिस्थिती व स्थानिक रहिवाशांच्या अडचणी सर्वत्र सारख्या नसतात.

४) वनहक्क अधिनियम, २००६ : वनांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जनतेचे हक्क मान्य करणारा हा कायदा आहे. गाभा क्षेत्रातील गावांचे पुनर्वसन ऐच्छिक व संमतीनेच व्हावयास हवे.

राजस्थानात रणथंबोर, सरिस्का, मुकुंदरा हिल्स, रामगढ विषधारी व धौलपूर-करौली असे पाच व्याघ्र प्रकल्प आहेत. जयपूर जिल्ह्यातील जमवा रामगढ अभयारण्य आणि बुंदी जिल्ह्यातील रामगढ विषधारी व्याघ्र प्रकल्प ही भिन्न ठिकाणे आहेत, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

पाण्याचा प्रश्न

जयपूरचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे ६०० मिलिमीटर असून बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. राजस्थानातील भूजलाचा उपसा वार्षिक उपलब्धतेच्या दीडपटीच्या आसपास आहे. अशा प्रदेशात हिरवळी, पोहण्याचे तलाव व स्नानोपचार यांवर आधारलेली विश्रामस्थाने उभी राहतात, तेव्हा ती शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीशी स्पर्धा करतात.

रामगढ सरोवराचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. जयपूर शहराला दीर्घकाळ पाणी पुरविणाऱ्या या सरोवरात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती झाल्या होत्या. पुढील काळात पाणलोट क्षेत्रातील अडथळे व अतिक्रमणे यांमुळे येणारा प्रवाह आटला आणि सरोवर कोरडे पडले. जयपूरला आता बनास नदीवरील बिसलपूर धरणाचे पाणी टोंक जिल्ह्यातून आणावे लागते. पर्यटकांना आकर्षित करणारे जलाशय नुसते काठ सुशोभित करून टिकत नाहीत. दूरवरचे ओढे-नाले मोकळे राहिले तरच ते जिवंत राहतात.

स्वास्थ्य पर्यटन

विश्रांतीच्या पर्यटनाचे दुसरे अंग म्हणजे स्वास्थ्य पर्यटन. रोगनिवारणासाठी रुग्णालयात जाणे हे वैद्यकीय पर्यटन होय, तर निरोगी व्यक्तीने आरोग्य राखण्यासाठी केलेला प्रवास स्वास्थ्य पर्यटनात मोडतो. या क्षेत्रातील जयपूरचे स्थान केवळ राजवाड्यांच्या हॉटेलांमुळे नाही. १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय आयुर्वेद संस्था जयपूर येथे असून २०२० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. शहराच्या पूर्वेकडील गलता परिसरात विपश्यनेचे केंद्र असून दहा दिवसांच्या शिबिरांसाठी तेथे शुल्क आकारले जात नाही. जुन्या साधकांच्या दानातून खर्च चालतो. महाराष्ट्रातील इगतपुरी येथे सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने १९७६ पासून चालत आलेल्या शिबिरांचीही हीच पद्धत आहे. मानसिक स्वास्थ्य हे सधन वर्गाचेच उपभोग्य साधन नव्हे, हे अशा उदाहरणांवरून दिसते.

केंद्र शासनाने २०१४ मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय स्थापन केले, २०२२ मध्ये वैद्यकीय व स्वास्थ्य पर्यटनाचे राष्ट्रीय धोरणपत्र प्रसिद्ध केले आणि २०२३ मध्ये परदेशी नागरिकांसाठी आयुष व्हिसाची सोय केली. तथापि, गुणवत्तेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पंचकर्म हे प्रशिक्षित वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचे शोधनोपचार आहेत. त्यांचे नाव देऊन केलेले साधे मर्दन म्हणजे उपचार नव्हे. मान्यताप्राप्त केंद्रांची निवड आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांवरच या क्षेत्राची विश्वासार्हता अवलंबून राहील. आयुर्वेदातील दिनचर्या व ऋतुचर्या या संकल्पनाही येथे विचारात घ्याव्या लागतात. आरोग्य हे रोजच्या आचरणाचे फळ आहे, अधूनमधून घेतलेल्या सुट्टीचे नव्हे, असेच त्या सांगतात.

स्थानिक जनतेचा वाटा

राजस्थानने १९८९ मध्येच पर्यटनाला उद्योगाचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये नवे परिपर्यटन धोरण स्वीकारले. पर्यटनातून वाहनचालक, मार्गदर्शक, स्वयंपाकी, हस्तकारागीर अशा अनेकांना रोजगार मिळतो. परंतु पर्यटकाने खर्च केलेला पैसा गावात किती उरतो, हा खरा निकष होय. विश्रामस्थानाचे मालक, भाजीपाला, सामग्री व कर्मचारी बाहेरूनच येत असतील, तर त्या पैशाची गळती होते. गावाच्या वाट्याला मात्र जमिनीच्या वाढत्या किमती, कचरा आणि चराईवरील निर्बंध येतात.

भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान याबाबत चांगला आदर्श ठरते. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे पाणथळ क्षेत्र १९८१ मध्ये रामसर यादीत आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेथे पर्यटक पायी, सायकलवर वा रिक्षातून पक्षी पाहतात. रिक्षाचालकांना पक्ष्यांची ओळख करून देण्यात आल्याने तेच मार्गदर्शकाचे काम करतात. आवाज नाही, धूर नाही आणि उत्पन्न थेट स्थानिक कुटुंबाच्या हाती. मात्र २००४ च्या सुमारास पांचना धरणाच्या पाण्यावरून शेतकरी व उद्यान यांच्यात निर्माण झालेला पेच असेही दाखवितो, की उद्यानाची सीमा आखल्याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही.

महाराष्ट्रातही यासंबंधीचे अनुभव उपलब्ध आहेत. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत रणथंबोरबरोबर मेळघाटही होते. महाबळेश्वर-पाचगणी व माथेरान हे परिसर अनुक्रमे २००१ व २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाले. मोटारींना गावाबाहेरच थांबविण्याची माथेरानची जुनी परंपरा तर शांतता टिकविण्याचा साधा व परिणामकारक उपाय ठरली आहे. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्यालाच यजमान बनविण्याचा मार्ग खुला केला.

पुढील दिशा

उपरोक्त विवेचनावरून काही सूत्रे हाती येतात. प्रत्येक स्थळाची वहनक्षमता ठरवून पर्यटकांची व वाहनांची संख्या तिच्या मर्यादेत ठेवली पाहिजे. वनाच्या सीमेवरील बांधकामांना परवानगी देताना पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. सार्वजनिक वाहतुकीला व विजेवरील वाहनांना प्राधान्य हवे. पर्यटन उत्पन्नाचा निश्चित वाटा ग्रामसभांपर्यंत पोहोचला पाहिजे. शाश्वत विकास उद्दिष्टांतील ८.९ व १२-बी ही लक्ष्ये रोजगार देणाऱ्या व स्थानिक संस्कृती जपणाऱ्या शाश्वत पर्यटनाचा स्पष्ट उल्लेख करतात.

याहून मूलगामी उपाय शहरातच आहे. सी-स्कीमसारख्या वस्तीतील जुने वृक्ष, पदपथ, उद्याने व शेजारची वने सुरक्षित राहिली, तर विश्रांतीसाठी शेकडो किलोमीटर जाण्याची निकड कमी होईल. शिवाय, ज्याला सुट्टीचा खर्च परवडत नाही अशा फेरीवाल्याला, बांधकाम मजुराला आणि गृहसेविकेलाही सावली व मोकळी हवा मिळेल. नगरजीवनापासून दूर जाण्याची सोय थोड्यांना मिळते. नगरजीवन सुसह्य करण्याचा लाभ सर्वांना मिळतो. विकासाच्या नियोजनात अग्रक्रम कशाला द्यावयाचा, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सरावासाठी प्रश्न

१) निसर्गस्थळी केलेले पर्यटन आणि परिपर्यटन यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

२) २००५ च्या सरिस्का प्रकरणानंतर वन्यजीव संरक्षणाच्या कायदेशीर व संस्थात्मक चौकटीत कोणते बदल झाले?

३) ‘वन्यजीव पर्यटनाचे यश पर्यटकांच्या संख्येवरून मोजता येत नाही.’ या विधानाची वहनक्षमता व स्थानिक लोकसहभाग यांच्या संदर्भात चर्चा करा.

४) शुष्क प्रदेशातील शहरांसाठी नगर-वनांचे महत्त्व झालाना वनक्षेत्राच्या आधारे विशद करा.